सूक्ष्मजीवांचे जग आणि आपले आरोग्य



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा कोणत्या विषयावर बोलावे, असे आम्ही त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्ही जे शिकविता, तेच आम्हांला सांगा." हे ऐकून आम्ही जरा बिचकलो. संतवाङ्मय आणि इतिहास यांच्या पंगतीत जंतूंचे पान मांडायचे, म्हणजे यजमानांची आणि पाहुण्यांची, दोघांचीही पंचाईत! पण मग वाटले, की इतर विषय ऐकावे की नाही हे श्रोत्यांच्या आवडीवर आहे. हा विषय मात्र आपली आवड विचारीत नाही. तो आपल्या माठात आहे, ताटात आहे आणि या क्षणी येथे बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. तेव्हा त्याची थोडी ओळख करून घेतलेली बरी.

ओळख म्हटले खरे, पण ती आपल्या घरात फार जुनी आहे. या सभेतील कित्येक भगिनींनी काल रात्री निजण्यापूर्वी एक प्रयोग करून ठेवला असेल. कोमट दुधात चमचाभर दही घातले, पातेले झाकले आणि सकाळी दही लागले. दूध फार गरम असेल तर विरजण लागत नाही. फार गार असेल तरी लागत नाही. थंडीच्या दिवसांत पातेल्याला ऊब द्यावी लागते. भांडे स्वच्छ नसेल तर दह्याला तार सुटते. हे आमच्या आजीला ठाऊक होते आणि तिने कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. सूक्ष्मजीव वाढायला जिवंत बीज लागते, अन्न लागते, ऊब लागते आणि वेळ लागतो. आमच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात याहून फार काही निराळे नाही. आजीला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. त्या चमचाभर दह्यात कोट्यवधी जीव आहेत, हे तिला दिसले नव्हते.

ते प्रथम ज्याला दिसले तो मनुष्य कोणी पंडित नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा तो एक कापडाचा व्यापारी होता. त्याचे नाव लेव्हेनहूक. 'जालना सोने का पालना' अशी म्हण ज्या गावाच्या बाजारपेठेने मिळविली, त्या गावाला कापसाची आणि कापडाची पारख म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. कापडाचे सूत पारखायला व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूकने तसली भिंगे स्वतः घासून तयार केली, आणि ती इतकी उत्तम साधली की सुतावरून त्याची नजर पाण्याच्या थेंबावर गेली. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले, की या थेंबात असंख्य चिमुकले प्राणी वळवळत आहेत. पुढे त्याने स्वतःच्या दातांवरचा मळ काढून पाहिला. तेथेही तीच वस्ती! विद्वानांना प्रथम हे खरे वाटेना. आज आमचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हेच पहिल्या आठवड्यात पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी तो दात अधिक काळजीने घासून येतो, असा आमचा अनुभव आहे.

त्यानंतरचा धडा आम्ही असा देतो. काचेच्या एका चपट्या बशीत जंतूंचे अन्न घालून थिजविलेले असते. ते थिजविण्यासाठी जो पदार्थ वापरतात, तो आपल्याकडे चायना ग्रास म्हणून किराणा दुकानात मिळतो. ही युक्तीसुद्धा स्वयंपाकघरातूनच आली. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत, आणि ते उन्हाळ्यात वितळून जाई. तेथील एका सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे हिने १८८१ च्या सुमारास सुचविले, की आपण घरी जेली करण्यासाठी जे वापरतो ते वापरून पाहा. आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत त्या गृहिणीची ही युक्ती चालते.

तर या बशीवर आम्ही विद्यार्थ्याला बोट टेकवायला सांगतो. बोट दिसायला अगदी स्वच्छ असते. बशी उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी उघडली, की बोटाच्या ठशाच्या जागी पांढरे-पिवळे ठिपके उमटलेले असतात. एकेक ठिपका म्हणजे जंतूंचे एकेक गावच. मुले आपल्या बोटाकडे पाहतात, मग बशीकडे पाहतात आणि गप्प होतात. एका जंतूचे एवढे गाव एका रात्रीत कसे वसते, हा हिशेब आम्ही फळ्यावर मांडून दाखवितो. अनुकूल स्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. सकाळी आठ वाजता वरणात एक जंतू पडला आणि त्याला सर्व काही मनासारखे मिळाले, तर दुपारी तीन वाजता तेथे वीस लाखांहून अधिक जंतू असतील. सावकाराचे चक्रवाढ व्याज आपल्या शेतकऱ्यांनी पाहिले आहे. त्या सावकारालाही या जंतूंनी मागे टाकले! उन्हाळ्यातील लग्नाच्या पंगतीत सकाळी केलेला स्वयंपाक संध्याकाळी वाढला, म्हणजे कधी कधी का बाधतो, याचे उत्तर या गणितात आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जंतू म्हटला की तो वैरीच, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. आपल्या जिल्ह्यातील तुरीचे किंवा हरभऱ्याचे झाड उपटून पाहा. मुळांना बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र पकडून झाडाला देतात. आपल्या स्वतःच्या शरीरात जंतूंची संख्या सुमारे अडतीस लाख कोटी आहे, असा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. म्हणजे शरीरातील पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच जंतू! त्यांतील बहुतेक आतड्यात राहतात, अन्न पचविण्यास मदत करतात आणि परक्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत. एकंदर सूक्ष्मजीवांत रोग करणारे फार थोडे. पण गावात चोर थोडे असतात म्हणून कोणी दार उघडे टाकून निजत नाही. चोर कोणत्या वाटेने येतो ते पाहून त्या वाटेवर कडी घालावी लागते. आजच्या व्याख्यानाचे सार हेच आहे: जंतूची वाट ओळखावी आणि ती अडवावी.

हे कळायला माणसाला फार काळ लागला, आणि कळलेले पोहोचायला त्याहून अधिक. २४ मार्च १८८२ रोजी कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्यानंतर पाच वर्षे पुरी होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आपल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. त्या अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या होत्या. वयाची बावीस वर्षेही त्यांना पुरी करता आली नाहीत. रोगाचा जंतू ठाऊक होता, रोगी स्वतः डॉक्टर होती. पण औषध नव्हते. क्षयावर काम करणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली निघाले. आणि ते निघाले कशातून? मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून! पुण्याजवळ पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली निघाला, तोही असल्याच औषधांसाठी.

दुसरे उदाहरण प्लेगचे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्याचा जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. सरकारने हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला मुंबईस बोलावले. त्याने थोड्याच महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था पुढे त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. आता दुसरी तारीख ऐका. १० मार्च १८९७. त्या दिवशी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या, आणि त्या सेवेतच त्यांना रोग जडला. मुंबईतील लस आणि पुण्यातील मृत्यू यांत बरोबर दोन महिन्यांचे अंतर होते. प्लेग मुंबईहून पुण्याला पोहोचला. लस पोहोचली नाही. जंतूची वाट जवळची असते आणि ज्ञानाची वाट लांबची, हे आमच्या शास्त्राच्या इतिहासातले सर्वांत मोठे दुःख आहे.

असेच दुःख आमच्या घरातही घडून गेले आहे. ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पूर्णेच्या काठच्या एका खेड्यात आमचे बालपण गेले. एका उन्हाळ्यात आमच्या पाठच्या बहिणीला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. ती दोन वर्षांची होती. पाणी पाणी करीत होती. आजीने तिला पाणी दिले नाही. जुलाबात पाणी पाजले की जुलाब वाढतात, अशी सगळ्या गावाची समजूत होती. आजी ओल्या फडक्याने तिचे ओठ पुशीत बसली. तिसऱ्या दिवशी बहीण गेली. आजीइतकी माया तिच्यावर कोणी केली नसेल. जगात मायेची उणीव नव्हती, माहितीची होती. आणि ती माहितीही तोवर या जगात आलेली होती.

ती कोठे होती ते सांगतो. पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही; आतड्यात राहून तो एक विष सोडतो आणि त्या विषाने अंगातील पाणी व क्षार आतड्यात उतरतात, हे कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले. रोगी मरतो तो पाणी सरल्यामुळे. मग ते पाणी परत द्यावे, हे उघडच आहे. मात्र नुसते पाणी आतडे पुरेसे धरीत नाही. साखर आणि मीठ बरोबर आले, तर आतड्याचे एक दार त्या आजारातही उघडे राहते, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी उसळली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळ शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत करून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजविले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. आमची बहीण गेली ती यानंतर काही वर्षांनी. कोलकात्याहून पूर्णाकाठी ही गोष्ट तोवर पोहोचली नव्हती.

म्हणून भगिनींनो, आज येथून उठताना एवढे तरी पदरात बांधून न्या. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ मोजूनच घ्या. पाणी अश्रूंहून खारट लागता कामा नये. औषधाच्या दुकानातील पुडी मिळाली तर अधिक चांगले. मूल आजारी पडताच थोडे थोडे पाजीत राहावे, अंगावरचे दूध तोडू नये, आणि मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

पण आजार झाल्यावरचा हा उपाय झाला. वाट अडविणे त्याच्या आधीचे. आपल्या जालन्याला पाण्याची चिंता जुनी आहे. जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी खेळविले, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. निजामी राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. २०१२-१३ च्या दुष्काळात याच शहराने टँकरकडे डोळे लावून दिवस काढले. पुढे जायकवाडीचे पाणी आले. पाणी किती आले याची चर्चा आपण कट्ट्यावर रोज करतो. ते कसे आले याची चर्चाही झाली पाहिजे.

ज्या गावात नळाला पाणी रोज चोवीस तास येत नाही, त्या गावात एक धोका असतो. नळ भरून वाहत असतो तेव्हा त्याच्या फटीतून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले, नळ रिकामा झाला, की त्याच फटीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. आणि आपल्याकडे नळ आणि गटार पुष्कळदा शेजारीशेजारीच असतात. म्हणून नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत पाणी घेण्याच्या जागी नाल्याचे सांडपाणी शिरले, आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. विशेष हे, की तेथे क्लोरीन घालीत होते. त्याने विषमज्वराचे जंतू आवरले, पण काविळीचा विषाणू आवरला नाही. यातून शिकायचे ते हे, की पाण्यात औषध घालणे हा दुसरा पहारेकरी. पाण्यात घाण जाऊच न देणे हा पहिला.

दुसऱ्या पहारेकऱ्यालाही कमी लेखू नये. आपल्या खेड्यांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो. ती टाकल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. मग नळाच्या पाण्यात ओ. टी.चे थेंब टाकले असता पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. गावाचे पाणी तपासून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला धाडस लागत नाही, आठवण लागते.

आता तिसरा पहारेकरी, म्हणजे आपण स्वतः. आम्ही विद्यार्थी असताना एका वस्तीत पाणी तपासायला गेलो होतो. विहिरीतील नमुना घेतला, नळाचा घेतला आणि एका घरच्या रांजणाचा घेतला. विहिरीचे पाणी वाईट निघेल, अशी आमची खात्री होती. निघाले उलटेच! टीसीएल टाकलेली विहीर चांगली, नळ चांगला आणि रांजण दूषित. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. घरातील जो तो पेला रांजणात बुडवून पाणी घेत होता आणि पेल्याबरोबर बोटेही बुडत होती. एवढ्या लांबून जपून आणलेले पाणी उंबरठ्याच्या आत आल्यावर बिघडले होते. त्यावर उपाय चार-सहा रुपयांचा होता: रांजणावर झाकण आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे. सोबत साबणाने हात धुणे, शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी. पाणी गाळण्याची आपली जुनी चालही टाकू नये. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळून पाहिले, तेव्हा पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने कमी झाले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक किड्यांना चिकटून राहतात, ते किडे घडीत अडकतात. मात्र गाळल्याने सर्व जंतू जात नाहीत; शंका असेल तर पाणी खळखळून उकळावे, हेच खरे.

शेवटी औषधांविषयी दोन शब्द. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यावर जंतुनाशक गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही. तरी आपण दुकानात जाऊन त्या मागतो, दोन दिवस घेतो आणि बरे वाटले की उरलेल्या फडताळात ठेवतो. अशाने चिवट जंतू तेवढे उरतात व वाढतात, आणि खऱ्या दुखण्याच्या वेळी तेच औषध निकामी ठरते. आनंदीबाईंना जे औषध मिळाले नाही, ते आपल्याला मिळाले आहे. ते आपल्याच हाताने बोथट करू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, आणि क्षयाचे औषध डॉक्टर सांगतील तितके महिने, एकही दिवस न चुकविता घ्यावे.

हे सर्व ऐकून मन खचू देऊ नका. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी झाला नाही. १९८० साली ती जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. पोलिओचा आपल्या देशातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला. ज्या रोगाला देवी म्हणून नमस्कार केला, तो टोचणाऱ्या बाईच्या पायपिटीने हटला. शास्त्रज्ञ वाट दाखवितो. ती चालावी लागते आपल्यालाच.

घाणेवाडीच्या तलावाला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांनी सूक्ष्मदर्शक यंत्रातून जंतू पाहिले असतील असे नाही. पण जेथे जातील तेथे त्यांनी आधी खराटा घेतला आणि मग कीर्तन केले. आम्ही आज कीर्तन आधी केले. आता खराटा, ओगराळे आणि मीठ-साखरेचा चमचा आपल्या हाती देतो. आपण येथून घरी जाल, तेव्हा जे ऐकले ते शेजारच्या एका घरी सांगा. ज्ञानाची वाट तेवढी तरी जवळ येईल.